लाडा ग्रान्टा घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणत्या सालची?

प्रश्न असा आहे: नोकरीनिमित्त तीन वर्षांसाठी कुटुंबासह रशियातील समारा शहरात राहायचे आहे. तिथल्या सहकाऱ्यांनी जुनी लाडा ग्रान्टा घ्यावी असे सुचवले आहे. आजवर पुण्यात छोट्या गाड्याच वापरल्या आहेत. तेव्हा ही गाडी इतकी स्वस्त का, ती तिथल्या हिवाळ्यात टिकते का, आणि घ्यायचीच झाली तर कोणत्या सालची व कोणत्या इंजिनाची घ्यावी?

उत्तर आधी सांगतो, कारणे मागाहून. गाडी अवश्य घ्यावी. ती २०१८ च्या उत्तरार्धापासून २०२२ च्या अगदी सुरुवातीपर्यंत बनलेली असावी, तिच्यात आठ व्हॉल्व्हचे ८७ अश्वशक्तीचे इंजिन असावे आणि साधा पाच गिअरचा हाताने टाकायचा गिअरबॉक्स असावा. जून २०२२ पासून काही महिने बनलेल्या ‘क्लासिक’ नावाच्या गाड्या, किंमत कितीही मोहात पाडणारी असली तरी, मुले मागच्या सीटवर बसणार असतील तर घेऊ नयेत. आणि गाडीसाठी जी रक्कम बाजूला ठेवली असेल ती सगळी विक्रेत्याच्या हाती देऊ नये. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, गंजरोधक लेप आणि हिवाळी टायर यांचा खर्च पहिल्याच महिन्यात येणार आहे, असे धरूनच सौदा करावा.

मी पुणे परिसरात इंजिनांच्या चाचणीचे काम अठ्ठावीस वर्षे केले. त्यांतली चार वर्षे समारा प्रांतातल्याच तोल्याती शहरात सुट्या भागांच्या एका पुरवठादाराकडे गेली आणि त्या काळात माझी रोजची गाडी ग्रान्टाच होती. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यात वाचलेले थोडे आहे आणि बॉनेट उघडून शिकलेले अधिक आहे.

आधी ही गाडी कुठून आली ते पाहू, कारण तिचे बहुतेक गुण आणि दोष तिच्या कुळातून आलेले आहेत. तोल्याती हे व्होल्गाकाठचे जुने स्ताव्रोपोल. १९६४ मध्ये त्याला इटलीचे कम्युनिस्ट नेते पाल्मिरो तोल्याती यांचे नाव देण्यात आले आणि १९६६ मध्ये इटलीच्याच फियाट कंपनीशी करार होऊन तिथे आज लाडा गाड्या बनवणारा मोटारींचा प्रचंड कारखाना उभा राहू लागला. १९ एप्रिल १९७० रोजी तिथून पहिल्या झिगुली बाहेर पडल्या. त्या फियाट १२४ वरून घडवलेल्या होत्या. स्पेनमध्ये बनणारी याच फियाट १२४ ची बहीण पुढे मुंबईच्या प्रीमियर कंपनीने घेतली आणि निस्सानचे इंजिन बसवून १९८० च्या दशकात ‘११८ एनई’ या नावाने विकली. ज्यांच्या घरी ती चौकोनी गाडी होती, त्यांना समाराच्या रस्त्यावर एखादी जुनी झिगुली दिसली तर ओळखीचा चेहरा भेटल्यासारखे वाटेल.

ग्रान्टा मात्र थेट त्या शाखेची नाही. १९८४ मध्ये याच कारखान्याने पुढची चाके ओढणारी पहिली गाडी काढली. तिचा क्रमांक २१०८ होता आणि तिच्या घडणीत जर्मनीच्या पोर्शे कंपनीच्या अभियंत्यांची मदत घेतली होती. आडवे बसवलेले इंजिन, पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे दोन चाकांना जोडणारी पिळाची तुळई आणि वरच्या कॅमशाफ्टला फिरवणारा दातेरी पट्टा म्हणजेच टायमिंग बेल्ट, हा सगळा आराखडा तेव्हाचा आहे. तोच सुधारत २००४ च्या कलिना गाडीत आला आणि कलिनाच्या पायावर, प्रकल्प २१९० म्हणून, ग्रान्टा उभी राहिली. मे २०११ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात ती विक्रीला आली तेव्हा सर्वांत साध्या गाडीची किंमत २ लाख २९ हजार रूबल होती. त्याच सुमारास सेंट पीटर्सबर्ग येथे बनणारी ह्युंदाई सोलारिस आणि कालुगा येथे बनणारी फोक्सवॅगन पोलो सेडान पावणेचार ते चार लाख रूबलांपासून सुरू होत होत्या. २०१३, २०१४ आणि २०१५ अशी सलग तीन वर्षे ग्रान्टा रशियात सर्वाधिक खपलेली गाडी ठरली. २०१६ मध्ये सोलारिसने तिला मागे टाकले, पण अलीकडे २०२३ आणि २०२४ मध्ये पहिला क्रमांक पुन्हा तिच्याकडेच आला.

आपल्याकडच्या वाचकाला एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. भारतात ‘छोटी गाडी’ म्हटले की चार मीटरच्या आतली गाडी डोळ्यांसमोर येते. ती सीमा करातून आलेली आहे. गाडी चार मीटरच्या आत बसवण्यासाठी आपल्याकडे कित्येक सेडानच्या डिक्या आखूड कराव्या लागल्या. रशियात अशी अट नाही. ग्रान्टा सेडानची लांबी ४२६० मिलिमीटर आहे, दोन चाकांमधले अंतर २४७६ मिलिमीटरच आहे, आणि उरलेली लांबी मागे गेली आहे. डिकी ५२० लिटरची आहे. मे २०११ मध्ये तत्कालीन पंतप्रधान पुतिन यांनी ही गाडी पाहिली तेव्हा तिच्यात बटाट्यांची पोती मावण्याचा उल्लेख झाला, आणि तो उगाच झालेला नव्हता. शहराबाहेर जमिनीचा लहानसा तुकडा, त्यावर लाकडी घर, उन्हाळ्यात बटाटे, काकडी, टोमॅटो आणि शरद ऋतूत ते सगळे शहरातल्या तळघरात आणून ठेवणे, हे तिथल्या असंख्य कुटुंबांचे वर्षाचे चक्र आहे. ग्रान्टाची डिकी त्या चक्राच्या मापाने बेतलेली आहे.

रशियात वाहनकर लांबीवर बसत नाही, अश्वशक्तीवर बसतो. प्रत्येक प्रांताचे दर वेगळे असतात, परंतु पहिला टप्पा शंभर अश्वशक्तीपर्यंतचा आहे. ग्रान्टाचे आठ व्हॉल्व्हचे इंजिन ८७ अश्वशक्तीचे आणि पूर्वीचे स्वयंचलित गिअरचे इंजिन ९८ अश्वशक्तीचे का, याचे एक व्यावहारिक उत्तर तिथे सापडते. १०६ अश्वशक्तीचे इंजिन घेतले की मालक वरच्या टप्प्यात जातो.

आता स्वस्ताईबद्दल. या गाडीचे इंजिन, तिची तुळई, तिचे गिअर ज्या यंत्रांवर बनतात त्यांचा खर्च फार पूर्वी फिटलेला आहे. पत्रा, ओतकाम, इंजिन, गिअरबॉक्स हे सगळे देशातच, बरेचसे एकाच आवारात तयार होते. तेच भाग कलिना, प्रियोरा आणि ग्रान्टा या तिन्ही गाड्यांना लागत असल्यामुळे ते लाखोंच्या संख्येने निघतात आणि तालुक्याच्या गावातल्या दुकानातही मिळतात. हा स्वस्ताईचा चांगला भाग झाला. दुसरा भाग ग्राहकाने नीट समजून घ्यायला हवा. परदेशी कंपनीच्या गाडीत जे काम कारखाना करून देतो, त्यातले काही काम इथे मालकाकडे सोपवलेले असते. मागच्या चाकांच्या कमानीत प्लॅस्टिकचे अस्तर नसेल तर ते आपण बसवायचे, तळाला अधिकचा लेप आपण द्यायचा, व्हॉल्व्हची फट ठरावीक अंतराने आपण तपासून घ्यायची, नव्या गाडीचे नट-बोल्ट पहिल्या हजार किलोमीटरनंतर एकदा आवळून घ्यायचे. किमतीचा हा न दिसणारा हिस्सा आधीच्या मालकाने भरला की नाही, यावर जुन्या ग्रान्टाची खरी किंमत ठरते. म्हणून मी कोणालाही वर्ष आणि किलोमीटर यांच्या आधी मालक पाहायला सांगतो. दुरुस्तीच्या पावत्या जपून ठेवणारा निवृत्त माणूस आणि दीड लाख किलोमीटर, हा सौदा पावत्यांविना चाळीस हजार किलोमीटरपेक्षा चांगला असतो.

इंजिनाबद्दल सविस्तर लिहितो, कारण ग्रान्टाच्या खरेदीतला सर्वांत महाग निर्णय इथे होतो. सगळी इंजिने १५९६ घनसेंटिमीटरची आहेत. सिलिंडरचा व्यास ८२ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५.६ मिलिमीटर. सुरुवातीच्या सर्वांत स्वस्त गाड्यांत ८० अश्वशक्तीचे जुने इंजिन होते. त्याचे पिस्टन जड होते आणि माथ्यावर खोल खळगे होते. टायमिंग बेल्ट तुटला तर इंजिन जागेवर थांबायचे, पण उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नसत. नवा बेल्ट चढवला, खुणा जुळवल्या की गाडी पुन्हा चालू. त्यानंतर आलेल्या ८७ अश्वशक्तीच्या इंजिनात पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड हलके केले. घर्षण कमी झाले, आवाज कमी झाला, खालच्या फेऱ्यांवर ओढ सुधारली आणि १४० न्यूटन-मीटर टॉर्क मिळू लागला. मात्र हलक्या पिस्टनच्या माथ्यावरचे खळगे उथळ झाले, आणि बेल्ट तुटताच व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकू लागले. मग हेड खोलणे, आठही व्हॉल्व्ह बदलणे, हेडला प्लेनिंग करणे आणि नवे गॅस्केट बसवणे असा खर्च जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा तुकडा खातो. सोळा व्हॉल्व्हच्या ९८ आणि १०६ अश्वशक्तीच्या इंजिनांतही हीच अडचण होती, तिथे वाकणाऱ्या व्हॉल्व्हची संख्या दुप्पट एवढाच फरक. २०१८ च्या उन्हाळ्यात कारखान्याने पिस्टन बदलले, खळगे पुन्हा पुरेसे खोल केले आणि तेव्हापासूनच्या इंजिनांत बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह वाचतात. मी २०१८ चा उत्तरार्ध ही सीमारेषा सांगतो ती मुख्यतः या कारणासाठी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गाडीचा चेहरा बदलला आणि कलिनाची हॅचबॅक व स्टेशन वॅगन ही रूपेही ग्रान्टा नावाखाली आली. त्यामुळे बाहेरून ओळख पटणे सोपे झाले.

तरीही केवळ चेहऱ्यावर विसंबू नये. गाडीच्या सतरा अक्षरी ओळख-क्रमांकातले दहावे अक्षर मॉडेल-वर्ष सांगते: जे म्हणजे २०१८, के म्हणजे २०१९, एल म्हणजे २०२०, एम म्हणजे २०२१ आणि एन म्हणजे २०२२. मॉडेल-वर्ष आणि कॅलेंडर वर्ष तंतोतंत जुळतातच असे नाही, म्हणून ‘जे’ अक्षराच्या गाडीत उत्पादनाची तारीख कागदपत्रांवरून वेगळी पडताळावी. ‘के’ किंवा त्यापुढचे अक्षर असेल तर पिस्टनबद्दल निर्धास्त राहता येईल. मधल्या काळात कोणी इंजिनच बदललेले नाही, एवढे मात्र इंजिनाचा क्रमांक कागदाशी ताडून पाहावे.

बेल्टविषयी आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. या इंजिनाचा बेल्ट स्वतः सहसा दगा देत नाही. त्याला दीड लाख किलोमीटरपेक्षा अधिक आयुष्य सांगितले जाते आणि रबराचा विचार केला तर ते खोटे नाही. परंतु हाच बेल्ट वॉटर पंपालाही फिरवतो. पंपाचे बेअरिंग सैल झाले की पुली तिरकी चालते, बेल्टची कड घासत जाते. बेअरिंग पूर्ण आवळले तर दाते एका क्षणात सोलून निघतात. टेन्शनरच्या बेअरिंगचेही तसेच. म्हणून साठ ते पंच्याहत्तर हजार किलोमीटरच्या दरम्यान बेल्ट, पंप आणि टेन्शनर एकत्रच बदलावेत. पंप वेगळा आणि बेल्ट वेगळा असे करण्यात मजुरी दोनदा जाते. विक्रेत्याकडे या कामाची पावती नसेल तर ते काम झालेलेच नाही असे समजावे आणि घेतल्यावर आठवड्याच्या आत करून टाकावे. नव्या पिस्टनमुळे व्हॉल्व्ह वाचतील हे खरे, पण उणे वीस अंशांत मुलांसह महामार्गावर बंद पडलेली गाडी ही स्वतःच पुरेशी मोठी आपत्ती आहे.

आठ व्हॉल्व्हच्या इंजिनात टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणे, लागते; हा शब्द आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकांना तोंडपाठ असतो. इथे चकत्या बदलून फट जुळवतात. थंड इंजिनावर इनटेकची फट ०.२० आणि एक्झॉस्टची ०.३५ मिलिमीटर ठेवायची असते. थंडीत सुरू केल्यावर थोडी टकटक ऐकू येणे या इंजिनाचा स्वभाव आहे आणि त्याने घाबरू नये. उलट अगदीच निःशब्द झालेले इंजिन मला अधिक काळजीत टाकते, कारण एक्झॉस्टची फट मिटली असेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि त्याची कड जळते. सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनात ही फट आपोआप राखणारे हायड्रॉलिक टॅपेट असल्याने हे काम नसते. समारा ते मॉस्को हा हजार किलोमीटरहून थोडा अधिक प्रवास भरल्या गाडीने वारंवार करायचा असेल, तर १०६ अश्वशक्तीचे इंजिन घेण्यात अर्थ आहे. एम-५ महामार्गावर ट्रकांच्या रांगा ओलांडताना तो जोर उपयोगी पडतो. शहर, कार्यालय, शाळा आणि अधूनमधून तोल्याती किंवा झिगुली टेकड्या एवढाच वापर असेल, तर ८७ अश्वशक्ती पुरेशी आहे आणि तिची दुरुस्ती कोणत्याही गॅरेजात होते.

गिअरबॉक्सबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. २०१३ च्या सुमारास दांड्यांच्या जागी केबल आल्या, सिंक्रोनायझर सुधारले, आणि तेव्हापासूनचा हातगिअर समाधानकारक आहे. थोडी गुणगुण ऐकू येते, ती आजार मानू नये. जपानच्या जॅटको कंपनीचा चार गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स टिकाऊ आहे, परंतु आता त्याचे भाग आणि ते काम जाणणारा माणूस दोन्ही शोधावे लागतात. २०१५ पासून आलेला ‘रोबो’, म्हणजे हातगिअरलाच मोटर जोडून क्लच आपोआप दाबणारा गिअरबॉक्स, आपल्याकडच्या एएमटीसारखाच आहे. मोकळ्या रस्त्यावर तो ठीक चालतो. बर्फात रुतलेली गाडी पुढे-मागे हेलकावून बाहेर काढायची वेळ आली की तो गोंधळतो, आणि समारात अशी वेळ दर हिवाळ्यात येते. तीन वर्षांच्या मुक्कामासाठी हातगिअरच घ्यावा.

ग्रान्टाला खरे मरण पत्र्यातून येते. रस्त्यावर बर्फ वितळवण्यासाठी मीठ आणि इतर क्षार टाकतात, ते चिखलात मिसळून दाराच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, पायरीखालची पोकळ पेटी आणि डिकीच्या झाकणावर नंबरप्लेटच्या वर असलेली पट्टी या जागी बसतात. पत्र्याचा काही भाग जस्ताचा मुलामा दिलेला असला तरी जोडाच्या कडा आणि दगड लागून उडालेला रंग यांना तो वाचवू शकत नाही. कोकणात खाऱ्या हवेने स्कूटरच्या मडगार्डचे काय होते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना कल्पना येईल, फक्त इथे तेच काम बर्फाचा चिखल वर्षातले पाच महिने करतो. जुनी गाडी पाहताना खाली वाकून टॉर्चच्या उजेडात पायरीखालची पेटी पाहावी आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावी. आवाज खणखणीत यायला हवा. तळाला नुकताच काळा लेप फासलेला दिसला, तर तो संरक्षणासाठी आहे की झाकण्यासाठी हे विचारावे आणि कोपऱ्यातला थोडा लेप खरवडू द्यावा असा आग्रह धरावा. नकार मिळाला तर निघून यावे. गाडी घेतल्यावर उन्हाळ्यात, तळ पूर्ण कोरडा असताना, पोकळ पेट्यांत मेणयुक्त तेल फवारून घ्यावे आणि मागच्या कमानींत प्लॅस्टिकचे अस्तर बसवावे.

आता २०२२ बद्दल. त्या वर्षीच्या मार्चमध्ये परदेशी भाग येणे थांबले आणि उत्पादन बंद पडले. जी गाडी इतकी देशी मानली जात होती तिचा पत्रा आणि इंजिन देशी होते, परंतु ब्रेकची इलेक्ट्रॉनिक्स, एअरबॅगचे भाग आणि चिप बाहेरून येत होत्या, हे तेव्हा उघड झाले. मे महिन्यात फ्रान्सच्या रेनो कंपनीने हा कारखाना चालवणाऱ्या कंपनीतला आपला सुमारे ६८ टक्के वाटा नामी या सरकारी संस्थेला एका रूबलला दिला. सहा वर्षांत तो परत घेण्याचा पर्याय करारात राखला होता. त्याच महिन्यात सरकारने सुरक्षेचे आणि धुराचे नियम तात्पुरते शिथिल केले, आणि ८ जून २०२२ रोजी ‘ग्रान्टा क्लासिक’ बाहेर पडू लागली. तिच्यात एअरबॅग नव्हत्या, ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारे एबीएस नव्हते, घसरण रोखणारी यंत्रणा नव्हती, अपघाताच्या क्षणी सीटबेल्ट आवळणारी यंत्रणाही नव्हती, आणि इंजिन युरो-२ या जुन्या मानकाचे होते. किंमत ६ लाख ७८ हजार रूबलांच्या घरात होती, म्हणजे २०११ च्या पहिल्या गाडीच्या जवळजवळ तिप्पट.

एबीएस नसलेली गाडी आपण भारतात कित्येक वर्षे चालवली, म्हणून हा मुद्दा कोणी हलका मानू नये. पुण्यातल्या कोरड्या डांबरावर ब्रेक दाबून चाक जाम झाले तर टायर कर्कशतो आणि गाडी सरळ थांबते. समाराच्या चौकात, जिथे दिवसभर गाड्या थांबून बर्फाला आरशासारखी चकाकी आलेली असते, तिथे जाम झालेले चाक म्हणजे सुकाणू गेलेली नाव. स्टीअरिंग कितीही फिरवले तरी गाडी आपल्या मार्गाने घसरत राहते. तिथे जन्मलेले चालक पायानेच ब्रेक सोडत-दाबत हे सांभाळतात, कारण ते लहानपणापासून तेच पाहत आलेले असतात. पहिल्या हिवाळ्यात येणाऱ्या माणसाकडे ती सवय नसते आणि ती वाहत्या रस्त्यावर शिकण्याची गोष्ट नाही. पुढे ही उपकरणे टप्प्याटप्प्याने परत आली, पण २०२२ च्या उत्तरार्धातल्या आणि २०२३ मधल्या गाड्यांत काय आहे हे महिन्यागणिक बदलत गेले. म्हणून त्या काळातली गाडी पाहताना जाहिरातीवर विश्वास न ठेवता किल्ली फिरवून एबीएसचा दिवा पेटतो आणि विझतो का ते पाहावे, आणि स्टीअरिंगच्या मध्यावर व समोरच्या फळीवर एअरबॅगची खूण आहे का ते तपासावे.

हिवाळ्याबद्दल विचारले होते. गाडी टिकते, आणि चांगली टिकते. उणे पंचवीसपर्यंत चांगली बॅटरी आणि योग्य पातळ तेल असेल तर इंजिन सुरू होते. सुरू करताना क्लच पूर्ण दाबून धरावा, म्हणजे स्टार्टरला गिअरबॉक्समधले मधासारखे घट्ट झालेले तेल ढवळावे लागत नाही; इंजिन लागल्यावरही क्लच हळूहळू सोडावा. रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नये, पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. मागचे ब्रेक ड्रमचे आहेत आणि ओलसर शू ड्रमला चिकटून गोठतात. हे मला पहिल्याच डिसेंबरात कळले. आपल्याकडे चढावर गाडी उभी करायच्या सवयीने मी हँडब्रेक ओढला आणि सकाळी चाक हलेना, तेव्हा शेजारच्या आजोबांनी किटलीभर गरम पाणी देऊ केले आणि मग स्वतःच ते थांबवून, पाणी पुन्हा गोठेल म्हणून, ड्रमवर लाकडी ठोकळ्याने हलके ठोके देऊन चाक सोडवले. हीटर कोमट वारा देत असेल तर बहुधा थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो. भाग स्वस्त आहे, पण उशीर केला तर इंजिन थंडच चालत राहते आणि पेट्रोल जास्त खाते.

डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी या तीन महिन्यांत हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. प्रत्यक्षात ते ऑक्टोबरअखेर चढवून एप्रिलमध्ये उतरवावेत. ग्रान्टासाठी चौदा इंचांची चाके आणि १७५/६५ मापाचे खिळ्यांचे टायर घ्यावेत. पंधरा इंचांपेक्षा ते स्वस्त पडतात आणि खड्ड्यांत रिम वाचते. नव्या खिळ्यांच्या टायरवर पहिले पाचशे किलोमीटर जोराचा ब्रेक किंवा जोराचा वेग टाळावा, तेवढ्यात खिळे रबरात घट्ट बसतात. वापरलेले हिवाळी टायर गाडीबरोबर फुकट मिळाले तरी खिळे मोजून पाहावेत आणि रबर नखाने दाबून पाहावे. दगडासारखे झालेले रबर बर्फावर निरुपयोगी असते.

पर्यायांचा विचार केला नाही असे होऊ नये म्हणून थोडे सांगतो. रेनो लोगान ही मॉस्कोत २००५ पासून बनत होती आणि महिंद्राने नाशिकला २००७ मध्ये काढलेली लोगान ती हीच. सस्पेन्शनच्या बाबतीत ती ग्रान्टापेक्षा सरस आहे. पोलो सेडान म्हणजे चाकणला बनलेली व्हेंटो, आणि सोलारिस म्हणजे आपली व्हर्ना, असे ढोबळमानाने म्हणता येईल. तिन्ही गाड्या आतून अधिक सुबक आहेत. परंतु या कंपन्यांनी रशियातले उत्पादन थांबवले आहे, जुन्या गाड्यांचे भाव चढे आहेत, आणि तीन वर्षांनी विकून यायचे असेल तर ज्या गाडीचा भाग प्रत्येक दुकानात मिळतो तिलाच गिऱ्हाईक लवकर मिळते.

गाडी पाहायला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तिचा ओळख-क्रमांक मागवून घ्यावा. वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर त्यावरून नोंदणीचा इतिहास, नोंदलेले अपघात आणि नोंदणीवरचे निर्बंध विनामूल्य दिसतात. गाडी कर्जापोटी गहाण आहे का हे नोटरींच्या महासंघाच्या नोंदवहीत पाहता येते. टॅक्सीत राबलेली गाडी टाळावी. तिची ओळख म्हणजे पेडलच्या रबराची झीज, मागच्या सीटची बसलेली गादी आणि दारांवर काढून टाकलेल्या चिकटपट्टीची उन्हात उठून दिसणारी फिकट कड. दुरून इंजिन सुरू करणारी अलार्म यंत्रणा बसवलेली असेल तर डॅशबोर्डखालच्या वायरींचे जोड पाहावेत. चिकटपट्टीने गुंडाळलेले जोड दिसले तर गाडीत पुढे विजेच्या ज्या तक्रारी निघतील त्यांचे मूळ बहुधा तिथेच असते.

आणि विक्रेत्याला फोनवर एकच विनंती करावी: मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर सर्वांत आधी बॉनेटवर आणि मग इंजिनाच्या हेडवर तळहात ठेवावा. ते गार असेल तर किल्ली स्वतः फिरवावी, पहिले दोन मिनिटे काहीही न बोलता ऐकावे, आणि मगच किमतीचा विषय काढावा. ते कोमट लागले, तर त्या गाडीची सकाळची पहिली सुरुवात तुम्हाला दाखवायची नव्हती, असे समजून पुढची गाडी पाहायला जावे. समारा आणि तोल्यातीत ग्रान्टांची कमतरता नाही.